राजा व्हायला कुणी तयार नव्हतं

फ्रान्सचा राजा पदच्युत झाला तो आमच्या कसबा पेठेतल्या गल्लीत, गणपतीच्या मांडवात. तेव्हा मी टेपरेकॉर्डरपाशी बसले होते, त्यामुळे त्या बाबतीत मला कुणी इतिहास शिकवू नये.

परवा खराडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये नात नववीचं पुस्तक पोटावर घेऊन सोफ्यावर पसरली होती. म्हणाली, "आजी, हे फ्रेंच रिव्होल्यूशन किती बोअर आहे गं! लोक चिडले, राजाला काढलं, मारलं. फिनिश." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "फिनिश काय फिनिश? त्या क्रांतीपायी तुझ्या पणजोबांनी आणि माझ्या भावानं एकमेकांशी बोलणं टाकलं, ते शेवटपर्यंत." तिनं मोबाईलमधून डोकं वर काढलं. हल्ली एवढंही पुष्कळ झालं. पण सांगायला सुरुवात करते तोवर तिच्या क्लासची वेळ झाली, म्हणून इथे लिहिते आहे.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, सदाशिव पेठेतल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. शाळेत चालत जायचे, चालत यायचे, आणि वाटेत कुणी उलट्या बाजूनं सायकल आणली तर त्याला थांबवून नागरिकशास्त्रही शिकवायचे. आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ त्यांनीच तरुणपणी काढलं होतं आणि तेव्हापासून अध्यक्षही तेच. निवडणूक वगैरे भानगड नव्हती. दरवर्षी सभेत कुणीतरी विचारायचं, "अध्यक्ष सरच ना?" आणि अण्णा म्हणायचे, "दुसरं कुणी असेल तर पुढे यावं." ते असं काही म्हणायचे की पुढे यायची कुणाची छाती होत नसे.

त्यांचे नियम सगळ्या पेठेला माहीत होते. आरती वेळेवर. उशिरा येईल त्याला प्रसाद नाही, मग तो नगरसेवक का असेना. सिनेमाची गाणी नाहीत. गुलाल नाही, "कपडे तुमच्या आया धुतात, आधी त्यांना विचारून या आणि मग उधळा." मांडव असा घालायचा की शेजारून अँब्युलन्स गेली पाहिजे. यातलं एकही म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. माणूस बरोबर असला आणि वर तसं सारखं सांगतही राहिला, की लोकांना तो नकोसा होतो. पोरं त्यांच्या माघारी त्यांना "सरकार" म्हणायची. माझा थोरला भाऊ, दादा, तोही म्हणायचा. घरात मात्र अण्णांसमोर मान खाली घालून वरण-भात.

आमच्या मंडळाचा जिवंत देखावा असायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मूर्तीच्या बाजूला रंगमंच बांधायचा, संवाद, ढोल, वारा, घोड्यांच्या टापा हे सगळं आधी टेपवर भरून ठेवायचं, आणि संध्याकाळ झाली की टेप लावून त्यावर गल्लीतल्या पोरांनी नुसते ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. खेळ छोटासा, पण गर्दी पुढे सरकली की पुन्हा पहिल्यापासून. मुलींना रंगमंचावर जायला आमच्याकडे परवानगी नव्हती, म्हणून टेप लावायची, थांबवायची आणि मागे घ्यायची हे काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

निवडणुका होऊन आणीबाणी उठली, त्याच वर्षीचा गणपती. दिल्लीचं सरकार लोकांनी मतं देऊन खाली खेचलं होतं आणि न्हाव्याच्या दुकानापासून दुधाच्या रांगेपर्यंत जो तो छाती काढून चालत होता. अण्णांनी सभेत जाहीर केलं, "यंदा फ्रान्सची राज्यक्रांती." मग एकानं भीतभीत विचारलं, "सर, आपल्याकडचं काही नाही का?" अण्णा म्हणाले, "आपल्याकडचे राक्षस दर गल्लीत मरतायत. एखादं वर्ष त्यांना विश्रांती द्या. यंदा माणसं दाखवू."

कागदावर सगळं सोपं होतं. भूमिका वाटायला बसले तेव्हा घोळ झाला, कारण राजा व्हायला कुणी तयार होईना. सगळ्यांना लोक व्हायचं होतं. ज्याला विचारावं तो म्हणे, "सर, मी लोकांत उभा राहतो ना!" दादा तर लोकांचा पुढारी होणार हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. शेवटी अण्णा वैतागून म्हणाले, "ठीक आहे. राजा मी होतो. कुणीतरी राजा असल्याशिवाय तुम्ही उलथवणार कुणाला?" सगळे हसले. अण्णाही हसले. आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "अहो, या वयात शिव्या खायची हौस कशाला?" अण्णा म्हणाले, "अगं, टेपवरच्या शिव्या त्या. त्या कुठे लागतात?"

राजाचा पोशाख भाड्यानं मिळेना. पोशाखवाल्याकडे पेशवे होते, मावळे होते, देव तर हवे तितके होते, पण फ्रान्सचं काही नव्हतं. शेवटी बँडवाल्याचा सोनेरी झालरीचा लाल कोट आणला. तो अण्णांच्या पोटावर मिटत नव्हता, ते बरंच झालं. राजा खाऊन माजलेला दिसला. केसांचा टोप कापसाचा. समोरच्या तांबटकाकांनी तांब्याच्या पत्र्याचा मुकुट ठोकून दिला. अण्णा म्हणत होते, हा राजा रोज मुकुट घालून फिरत नव्हता. तांबटकाका म्हणाले, "सर, मुकुट नसला तर लोक तुम्हाला बँडवाला समजतील." अण्णांनी तो घातला. मुकुट इतका जड की दर संध्याकाळी त्यांच्या कपाळावर वळ उठायचा.

क्रांतीत बायका हव्यात असा अण्णांचा आग्रह. राजाला राजवाड्यातून बाहेर काढून शहरात आणलं ते पाव मिळेना म्हणून चिडलेल्या बायकांनी, असं ते सांगायचे. पण गल्लीतली एक आई मुलीला पाठवेल तर शपथ. मग मिसरूड फुटलेली पोरं नऊवारी नेसली आणि डोक्याला फडकी बांधून फ्रान्सच्या बायका झाली. तालमीला बसलेल्या एका मावशींना कथा समजावून सांगितली तर त्या म्हणाल्या, "पाव नव्हता तर भाकरी खायची. त्यासाठी राजाला कशाला छळायचं?" अण्णा नंतर कितीतरी दिवस हे आठवून हसत होते. आमच्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं असेल.

टेप आमच्याच घरी भरली. खिडक्यांना गोधड्या लावल्या, तरी तांबटकाकांची ठोकाठोक आत यायचीच. शेवटी अण्णा म्हणाले, राहू द्या, लोक दरवाजा फोडतायत असं समजू. राजाचे संवाद अण्णांच्या आवाजात, पुढाऱ्याचे दादाच्या. बापलेक एकाच मायक्रोफोनसमोर खांद्याला खांदा लावून बसले होते. दादा ओरडायचा, "राजा, बाहेर ये!" आणि अण्णा त्याला थांबवायचे, "पोटातून. घशातून नको, घसा बसेल. पोटातून ओरड." तो पुन्हा ओरडायचा. छान जमलं की अण्णा नुसती मान हलवायचे, आणि दादाच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं ते मला अजून दिसतं.

अण्णांनी लिहिलेला शेवट महत्त्वाचा आहे, म्हणून नीट सांगते. राजा वेषांतर करून पळतो, पकडला जातो, परत आणला जातो. मग लोक राजवाड्यात घुसतात. पुढारी भाल्याच्या टोकावर लाल टोपी धरतो. ही क्रांतीची टोपी. आमच्याकडे ती तांबड्या लोकरीची माकडटोपी होती. राजा मुकुट काढून ठेवतो आणि ती टोपी आपल्या हातानं डोक्यावर घालतो. लोक हसतात. पडदा. अण्णा वर्गात शिकवतानाही इथे आले की खडू खाली ठेवायचे. म्हणायचे, "लोक हसले बघा. हसले, म्हणजे अजून सगळं हाताबाहेर गेलेलं नव्हतं. इथून दोघांनाही मागे फिरता आलं असतं. पण राजानं मनातून टोपी घातली नव्हती आणि लोकांनी मनातून हसून सोडलं नव्हतं." पुढचं सगळं, राज्य गेलं, डोकं गेलं, मग ज्यांनी त्याचं डोकं घेतलं त्यांचीही डोकी गेली, हे ते भराभर सांगून टाकायचे.

पहिल्या संध्याकाळी खेळ झाला. पडदा पडला. गर्दीतून आवाज आला, "संपलं?" दुसरा म्हणाला, "राजाला मारलंच नाही!" तिसरा म्हणाला, "चला, पलीकडच्या गल्लीत राक्षसाचं पोट फाडतायत." आणि गर्दी हलली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आमच्या मांडवात दोन म्हातारे, शाळेतले शिक्षक आणि पाय दुखतात म्हणून टेकलेली माणसं. पोरांची तोंडं उतरली. आळीतली मुलं त्यांना "काय रे, टोपीवाले" म्हणून चिडवायला लागली. दादाला ते फार झोंबलं. तो घरी आला तो तणतणतच.

"अण्णा, शेवट बदलायला हवा. क्रांतीत राजाचं मुंडकं उडवतात हे शेंबड्या पोराला माहीत आहे. आपण सुताराकडून ती चौकट करून घेऊ. वरून पातं पडतं ती."

अण्णा शांतपणे म्हणाले, "गणपतीसमोर मुंडकं उडवायचं नाही."

"का? बाप्पाचं स्वतःचं मुंडकं कुणी उडवलं मग? बापानंच ना?"

आई पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. अण्णा ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "विषय मंडळाचा आहे. सभेत मांड." आई माझ्याकडे बघून पुटपुटली, "दोघांना एकाच साच्यातलं डोकं मिळालंय. बदलायचं तर हत्तीच आणावा लागेल."

सभा दुसऱ्या दिवशी सकाळी, आरती झाल्यावर, मांडवातच. दादा उभा राहिला आणि म्हणाला, शेवट बदलावा. अण्णांना वाटलं असतं तर त्यांनी "नाही" म्हणून बैठक उठवली असती. इतकी वर्षं तसंच चाललं होतं. पण त्या दिवशी त्यांच्यातला मास्तर जागा झाला. म्हणाले, "लोकांचं राज्य दाखवतोय ना आपण? मग मत घ्या. हात वर करा." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. सगळ्यांत आधी दादाचा हात वर गेला. मग त्याच्याकडे बघत एकेक करत बाकीच्यांचे. तांबटकाका तेवढे मांडीवर हात ठेवून बसून राहिले. मी आणि आई पडद्याजवळ उभ्या होतो, पण बायकांना मंडळात मत नव्हतं. फ्रान्सच्या बायकांनी राजाला राजवाड्यातून ओढून आणलं आणि पुढे त्यांनाही मत मिळालं नाही, हे मला अण्णांनीच सांगितलं होतं.

अण्णांनी सगळ्या हातांवरून नजर फिरवली. म्हणाले, "बरं. शेवट बदला. आणि अध्यक्षही बदला. जो शेवट मला पटत नाही, तो माझ्या नावावर नको."

हे कुणाच्या मनातही नव्हतं. पोरांना फक्त पातं हवं होतं. तांबटकाका उठले, "अहो सर, पोरं आहेत ती..." अण्णांनी तळहात दाखवून त्यांना थांबवलं. सगळे दादाकडे बघत होते. त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं, "अण्णा, तुम्ही बसा हो." तीन-चार शब्दांचं काम. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की ओरडून सांगावं, अरे म्हण ना! पण तोही त्यांचाच मुलगा. कुणीतरी मागून त्याचं नाव सुचवलं, कुणीतरी टाळी वाजवली, आणि दादा म्हणाला, "ठीक आहे." घरी येऊन आईला म्हणाला, "कुणीतरी करायलाच हवं ना!" आई म्हणाली, "हो बाबा. आणि जेवायलाही हवं. बस पानावर."

मला वाटलं, आता अण्णा मांडवात पाऊल ठेवणार नाहीत. पण संध्याकाळी ते बँडवाल्याचा कोट चढवायला लागले. आई म्हणाली, "अहो, आता तरी राहू द्या." ते म्हणाले, "भूमिका अर्धवट टाकून जाणारा मी नव्हे. राजा मीच घेतला होता, मीच संपवीन."

सुतारानं संध्याकाळच्या आत चौकट उभी केली होती, आणि टेपवरचा जुना शेवट पुसून तिथे ढोल भरले होते. पातं म्हणजे जाड फळी, तिला चांदीचा कागद. दोरावर ती वर ओढून धरायची आणि वेळ आली की सोडायची. कागदाच्या लगद्याचं मुंडकं, त्याला कापसाचा टोप आणि मानेला आळता. दोर कुणाच्या हातात? लोकांच्या पुढाऱ्याच्या. माझ्या भावाच्या हातात. फळी चांगली जड होती, म्हणून तो दोर हाताला गुंडाळून घट्ट धरायचा.

मग गर्दी काय लोटली म्हणता! पलीकडच्या गल्लीतला राक्षस ओस पडला. ढोल वाजायला लागले की अण्णा मुकुट काढून सावकाश चौकटीकडे चालत जायचे. दोरापाशी, दादाच्या अगदी जवळ, क्षणभर थांबायचे. मग पडद्यामागे जायचे, फळी धाडकन खाली यायची, आणि मुंडकं टोपलीत. लोक ओरडायचे, शिट्ट्या मारायचे. पोरं टोपलीतलं मुंडकं बघायला पुढे धावायची. मी टेप मागे घ्यायचे. पुन्हा राजा सिंहासनावर, पुन्हा पाव, पुन्हा बायका, पुन्हा दोर. आई त्या दिवसापासून मांडवात आली नाही. आरतीचा आवाज आला की घरातूनच हात जोडायची.

टेपरेकॉर्डरपाशी बसल्यामुळे मला एक गोष्ट दिसायची, ती दुसऱ्या कुणाला दिसली नसेल. दोरापाशी थांबले की अण्णांचे ओठ हलायचे. टेपमध्ये तिथे त्यांचा एकही संवाद नव्हता. तिथे नुसते ढोल होते. ते दादाला काहीतरी म्हणायचे, आणि दादाचा चेहरा दगडासारखा व्हायचा. दर खेळाला. मला वाटायचं, अण्णा शाप देतायत. स्वतःच्या मुलाला, गणपतीसमोर. एकदा धीर करून विचारलं, "अण्णा, तुम्ही त्याला तिथे काय म्हणता हो?" ते म्हणाले, "टेपवर आहे तेवढं सांभाळ. बाकी चौकशा नकोत." दादाला विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही."

शेवटच्या दिवसांत दादाच्या तळहातावर दोरानं चांगलीच जखम झाली होती. आईनं विचारलं तर "लागलं" म्हणून मोकळा. अण्णा पेपर वाचत होते. पेपर न हलवता मला म्हणाले, "अध्यक्षांना हळद लावायला सांग."

ही सुरुवात. विसर्जन झालं, मांडव सुटला, आणि आमच्या घरात बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. "अध्यक्षांना सांग, नळ गेलाय." "सरांना सांग, पेपर झाला असेल तर द्या." एकाच खोलीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर बसून. पहिल्यांदा मला हसू यायचं, मैत्रिणींना नक्कल करून दाखवायचे मी. मग हसू आटलं. माझं लग्न झालं तेव्हा दोघं मांडवात शेजारी उभे राहून पाहुण्यांना नमस्कार करत होते आणि एकमेकांना "अक्षता द्या" एवढंही म्हणाले नाहीत. मी सासरी गेल्यावर ते काम आईकडे आलं. ती दोघांनाही निरोप पोचवायची नाही. म्हणायची, "मी पोस्ट ऑफिस नाही. तोंड दिलंय देवानं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? दादाला मी कितीदा म्हटलं, अरे तू लहान आहेस, तू बोल. तो म्हणायचा, "त्यांनी राजीनामा माझ्या तोंडावर फेकला." अण्णांना म्हटलं, तुम्ही मोठे आहात, तुम्ही बोला. ते म्हणायचे, "माझ्याविरुद्ध पहिला हात त्याचा होता." दोघंही खरंच बोलत होते. त्या खऱ्याला चाटायचंय का, असं मी एकदा चिडून म्हणाले, तर दोघंही माझ्यावरच रागावले. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

अण्णा पुन्हा कधी मंडळाच्या मांडवात गेले नाहीत. गणपतीत खिडकी लावून घ्यायचे, पण आरतीच्या वेळी घड्याळ हातात धरून बसायचे. आई तांब्याचा तो मुकुट दसऱ्याला बाकीच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासून लखलखीत करायची आणि पुन्हा फळीवर ठेवून द्यायची. आणि दादा? दादा हळूहळू अण्णा झाला. आरती वेळेवर. उशिरा येणाऱ्याला प्रसाद नाही. एकदा मी माहेरी गेले होते तर तो खालून एका पोरावर ओरडत होता, "गुलाल उधळायचाय? आधी आईला विचारून ये!" मी चमकून अण्णांकडे बघितलं. ते पलंगावर पडून ऐकत होते. त्यांच्या तोंडावर हसू होतं. मी म्हटलं, "हाक मारू का त्याला?" हसू गेलं. "कामात आहेत ते," म्हणाले.

अण्णांचं शेवटचं दुखणं नेमकं गणपतीच्या तोंडावर आलं. हॉस्पिटलात दादा रोज पायाशी बसायचा. डबा आणायचा, चादर नीट करायचा, औषधं वेळेवर देऊन नर्सपेक्षा जास्त शिस्त लावायचा. बोलायचा मात्र नाही. एका दुपारी अण्णांनी मला खूण करून जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता. "अध्यक्षांना सांग, मांडव जास्त पुढे घेऊ नका म्हणावं. अँब्युलन्सला जागा ठेवा." दादा तिथेच होता, त्याला ऐकू गेलं. त्यानं मान हलवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग त्यांना, ठेवलीय." मला तेव्हा दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. अण्णा त्यानंतर दोन-चार दिवसच होते.

या सगळ्याला खूप वर्षं झाली. गेल्या साली मंडळातल्या नव्या पोरांनी दादाला काढलं. त्यांना भिंतीएवढे स्पीकर हवे होते आणि दादा म्हणत होता, गल्लीत म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या छातीत धडधडतं. पोरांनी सभा घेतली, हात वर केले, आणि दादाला शाल आणि नारळ देऊन सल्लागार केलं. सल्लागाराला सभेला बोलवायची गरज नसते, हे त्याला नंतर कळलं.

तो त्याच आठवड्यात माझ्याकडे खराडीला आला. एवढ्या लांब तो सहसा येत नाही. इथे येताना पासपोर्ट लागतो असं त्याचं म्हणणं. शाल पिशवीतच होती. ती काढून सोफ्यावर टाकली आणि म्हणाला, "अण्णांचं निदान मुंडकं उडवलं होतं. मला शाल दिली." आम्ही हसलो. मग तो खिडकीबाहेरच्या काचेच्या इमारतींकडे बघू लागला. म्हणाला, "आज अण्णा हवे होते गं. त्यांना सांगितलं असतं."

मी चहा आणून ठेवला. कप उचलताना त्याचा तळहात दिसला. आडवा पांढरा वण अजून आहे. इतक्या वर्षांत मी पुन्हा विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं.

"दादा, त्या चौकटीपाशी अण्णा तुला काय म्हणायचे रे? मी रोज बघायचे."

तो हाताकडे बघत बसला. मग म्हणाला, "'दोर हाताला गुंडाळू नकोस, कापेल.'"

"एवढंच?"

"एवढंच. दर खेळाला."

"मग? तू काय करायचास?"

"त्यांनी पाठ वळवली की आणखी एक वेढा घ्यायचो."

त्यानं मूठ मिटली. इतकी वर्षं ज्याला मी शाप समजत होते ते एवढं एक वाक्य होतं, आणि ते घरात, पानावर बसून, कधी म्हटलं गेलं नाही. मी कप उचलून आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.